एजन्सीच्या शिफ्टला पगारी रजा असते
एजन्सीच्या, म्हणजे रुग्णालयांना तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या कंपनीमार्फत काम करणाऱ्या नर्सला रजाच नसते, असं कुणीतरी लिहिलंय. इंग्लंडपुरतं तरी ते चूक. वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा तात्पुरत्या माणसालाही कायद्याने मिळते. शिफ्टचा नेम नसेल तर भरलेल्या तासांच्या १२.०७ टक्के रजा धरतात, म्हणजे १०० तासांमागे साधारण १२ तास. एप्रिल २०२४ नंतर सुरू झालेल्या रजावर्षापासून (रजा मोजायचं वर्ष) अशा अनियमित शिफ्टवाल्यांना रजेचे पैसे दर पगारातच जोडून देता येतात. गोम तिथेच आहे. माझ्या पहिल्या एजन्सीने सांगितलेला ताशी दर रजेसकटचा निघाला, आणि मी वेडी आठवडाभर खूश! पे-स्लिपवर रजेची रक्कम वेगळ्या ओळीत हवीच. नसेल तर लेखी विचारा. शिवाय एकाच रुग्णालयात त्याच कामावर १२ आठवडे झाले, की तिथल्या कायम नर्सइतका पगार मागता येतो.