शारी पक्षाचा उदय आणि बंदी : युक्रेनमध्ये राहिलेल्यांचे अनुभव

20 मार्च 2022 रोजी झेलेन्स्की यांनी अकरा पक्षांच्या कामकाजाला लष्करी कायदा असेपर्यंत स्थगिती दिल्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्याकडे 'विरोधी पक्षांवर बंदी' एवढीच बातमी आली. त्या यादीत 2019 मध्ये 43 जागा मिळवलेला 'विरोधी मंच – जीवनासाठी' होता, तसाच संसदेत कधीही न पोहोचलेला, यूट्यूबवरच्या व्हिडिओंतून उभा राहिलेला अनातोली शारी यांचा पक्षही होता. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लग्नामुळे त्या काळात तिथे राहिलेल्यांनी या छोट्या पक्षाविषयी स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच लिहावे. युद्धाची सर्वसाधारण चर्चा येथे नको.

ओडेसा, वैद्यकीय शिक्षण, 2016 ते 2022

आम्ही तिघी मुली ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो, त्या आजी रात्री जेवणाची भांडी आवरली की साखरेच्या बरणीला मोबाइल टेकवून शारींचा व्हिडिओ लावत. हा गृहस्थ 2012 पासून देशाबाहेर, आधी लिथुआनियात आश्रयाला आणि पुढे स्पेनमध्ये; पण भरधाव रशियनमध्ये तो 2019 पर्यंतचे राष्ट्राध्यक्ष पोरोशेंको आणि त्यांच्या माणसांची अशी काही टर उडवी की भाषा अर्धवट समजत असूनही आम्हाला हसू येई. जून 2019 पर्यंत हे निव्वळ करमणुकीचे आहे असे मला वाटत होते, पण 21 जुलैच्या निवडणुकीत आजींनी त्यांच्याच पक्षाला मत दिले आणि घरी येऊन, बावीस पक्षांची ती मतपत्रिका केवढी लांब होती, हे दोन्ही हात पसरून दाखवले. पक्षाला 2.23 टक्के मते मिळाली. संसदेसाठी 5 टक्के लागतात. जहाजावर नोकरी करणारा त्यांचा मुलगा सुट्टीवर आला की या विषयावरून घरात हमखास भांडण होई, कारण त्याच्या मते शारी दूर समुद्रकिनारी बसून रशियाला सोयीचे तेच बोलत होता.

ऑक्टोबर 2020 च्या स्थानिक निवडणुकांत ओडेसा आणि मिकोलाइवच्या नगर परिषदांत पक्षाचे सदस्य निवडून आले, तेव्हा आजींनी केक आणला होता. फेब्रुवारी 2021 मध्ये सुरक्षा यंत्रणेने शारींवर देशद्रोहाचा आरोप ठेवला, तरी त्या ऐकत राहिल्या. आम्ही मोल्दोव्हाच्या सीमेकडे निघालो त्या सकाळी त्यांनी आम्हाला उकडलेली अंडी आणि पाव बांधून दिला. एप्रिलमध्ये फोन केला, तेव्हा ते चॅनेल आपण काढून टाकल्याचे त्यांनी मी न विचारताच सांगितले.

खार्किव, 2018 ते 2022

माझा या पक्षाशी संबंध म्हणजे मेट्रोच्या तोंडाशी त्यांचा तंबू आणि हातात कोंबलेली पत्रके, एवढाच. 2020 च्या उन्हाळ्यात त्यांचे कार्यकर्ते आणि राष्ट्रवादी तरुण यांच्यात मारामाऱ्या सुरू झाल्यावर आम्ही परदेशी विद्यार्थी त्या कोपऱ्यावरून जाणेच टाळत असू. पत्रक वाटणारी मुले माझ्याच वयाची होती आणि त्यांना रशियाचे हस्तक म्हणणे तेव्हाही मला पटले नाही, आजही पटत नाही.

तेर्नोपिल

पश्चिमेकडच्या आमच्या गावात या पक्षाचे नाव मी सहा वर्षांत एकदाही ऐकले नाही.

सध्या जर्मनी, सासर क्रिवी रिह

वरच्या अनुभवांत बंदीची रीत राहून गेली आहे, म्हणून लिहिते. मार्चमधली ती केवळ स्थगिती होती. मे महिन्यात संसदेने कायदा बदलला, झेलेन्स्कींनी 14 मे रोजी त्यावर सही केली आणि न्याय मंत्रालयाचे दावे ल्विवच्या आठव्या अपिलीय प्रशासकीय न्यायालयात चालले. शारी पक्षावर तिथे 16 जून 2022 रोजी बंदी आली आणि त्याची मालमत्ता व पैसा सरकारजमा झाला. युद्ध दारात असताना हे करावे लागणार हे मला मान्य आहे, पण एकाच यादीत सगळ्यांना बसवणे खटकते. त्याच यादीत स्वतःच्या नावाचा गट असलेले सालदो, खेरसनचे माजी महापौर, रशियाने नेमलेले प्रांतप्रमुख झाले. आणि त्याच यादीतल्या 'विरोधी गटा'चे 2019 चे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार विल्कुल आमच्या क्रिवी रिहचे लष्करी प्रशासन सांभाळून रशियन फौजेविरुद्ध उभे राहिले. माझ्या सासऱ्यांनी 2019 मध्ये या दोघांपैकी कोणाच्याच नव्हे, तर शारींच्या पक्षाला मत दिले असावे असा नवऱ्याचा कयास आहे, पण त्यांना विचारले की ते यंदाच्या बटाट्यांचे सांगू लागतात.