शब्दचर्चा : क्लबफेस 'लवचीक' की 'स्थितिस्थापक'?

प्रश्न : गोल्फवर लेख लिहिते आहे. ड्रायव्हर म्हणजे लांब फटक्याची काठी (क्लब). तिच्या पातळ टायटॅनियम फेसमुळे, म्हणजे चेंडूवर आदळणाऱ्या पृष्ठभागामुळे, चेंडू लांब जातो, त्या 'स्प्रिंग इफेक्ट'ला 'फेसचा लवचीकपणा' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद : अर्धंच काम होईल. लवचीक म्हणजे सहज वाकणारं. तांब्याची तारही लवते, पण वाकली की तशीच राहते. वाकून पूर्ववत होणारं ते स्थितिस्थापक. इथे नेमकं तेच महत्त्वाचं आहे. आघाताच्या क्षणी चेंडू चेपतो आणि त्या चेपण्यात बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते. फेस थोडा आत दबला तर चेंडू कमी चेपतो, नासाडी कमी होते आणि वेग वाढतो. फेस चेंडूला भिरकावून देतो ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. मोठा फायदा चेंडूतली ऊर्जा वाचण्याचा. मी 'फेसची उसळी' लिहीन आणि स्पष्टीकरणात एकदा 'स्थितिस्थापकता' वापरेन.

प्रतिसाद : 'उसळी' आवडला. मात्र नियमांबद्दल लिहिताना जपून. ०.८३० ही सीओआरची (कोएफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन, म्हणजे उसळीचं माप) मर्यादा अनेक जण '८३ टक्के ऊर्जा परत' अशी मांडतात, ते चूक आहे. ते वेगांचं गुणोत्तर आहे : टकरीनंतर दोन वस्तू किती वेगाने दूर जातात, भागिले आधी किती वेगाने जवळ येत होत्या. शिवाय यूएसजीएने (गोल्फचे नियम ठरवणारी अमेरिकी संघटना) २००४पासून लंबकाची चाचणी आणली. पोलादी लंबक फेसवर आपटतो आणि तो किती वेळ टेकून राहिला हे मोजतात. मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, वर १८ची सूट. फेस जितका लवणारा, तितका हा वेळ जास्त. याला 'संपर्ककाळ' म्हणावं. 'लवणारा' इथे अगदी चपखल बसतो, कारण मोजतात ते लवणंच.

प्रतिसाद : नुसतं 'फेस' लिहू नका, साबणाचा वाटतो. 'क्लबफेस' जोडून लिहा. त्यावरच्या ग्रूव्हजना 'खाचा' पुरे. त्यांचा संबंध मुख्यतः फिरकीशी.

प्रश्न : आभार! आणि 'नॉन-कन्फॉर्मिंग' क्लब? 'बेकायदा'?

प्रतिसाद : नको, कायद्याचा संबंध नाही. 'नियमबाह्य' लिहा. असा क्लब नुसता बॅगेत असला तर दंड नाही. त्याने फटका मारला तर खेळाडू स्पर्धेतून बाद होतो. 'बंदी असलेला क्लब' लिहिलंत तर हा फरक वाचकाला कळणार नाही.