शब्दचर्चा: 'पेशन्स'ला काय म्हणायचं? (नेब्रास्काच्या फुटबॉलवाल्यांच्या निमित्ताने)

लिंकनकर

मंडळी, एका शब्दावर अडलोय. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी इथल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या (अमेरिकेतलं राज्य, लिंकन ही त्याची राजधानी) फुटबॉल टीमवर लेख लिहितोय (अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळतात तरी नाव फुटबॉल, तोच तो). थोडक्यात पार्श्वभूमी देतो. ही टीम १९७०, ७१, ९४, ९५ आणि ९७ ला देशात पहिली आलेली, टॉम ऑस्बर्न कोच असताना २५ वर्षांत एकदाही ९ पेक्षा कमी मॅचेस जिंकल्या नाहीत, आणि गेली वीसेक वर्षं मात्र नवा कोच, नवी उभारणी, परत नवा कोच हेच चाललंय. तरी ३ नोव्हेंबर १९६२ पासून लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममधली प्रत्येक मॅच हाउसफुल आहे, २०२४ मध्ये सलग ४०० चा आकडा पार झाला.

तर या लोकांचा जो पेशन्स आहे त्याला मी लिहिलं 'चाहत्यांचा संयम', आणि परत वाचलं तर असं वाटलं की दंगलीनंतर पोलीस आयुक्त निवेदन देतायत. संयम बाळगा, अफवांवर विश्वास ठेवू नका. काहीतरी चुकतंय पण काय ते सांगता येत नाहीये. धीर? सबुरी? चिकाटी?

शब्दखोर

चुकतंय ते असं की संयम हा स्वतःला आवरण्याचा शब्द आहे. संयम राखतात, पाळतात, सुटतो. म्हणजे हात उचलायची इच्छा आहे, ताकद आहे, पण उचलत नाही, तो संयम. स्टेडियममध्ये थंडीत कुडकुडत बसून आपली टीम हरताना बघणारा माणूस काय आवरतोय? तो सोसतोय. दोन्हीला इंग्रजीत एकच शब्द चालतो, आपल्याकडे नाही चालत.

'धीर' वेगळा, तो दुसऱ्याला देता येतो. धीर देणे, धरणे, सोडणे, सुटणे, खचणे. 'संयम देणे' असं कोणी म्हणत नाही. कोच हरल्यावर पत्रकार परिषदेत जे करतो ते धीर देणं.

आणि 'दम' जपून वापरा. दम धरला म्हणजे थांबला, दम खाल्ला म्हणजे श्वास घेतला, पण दम दिला म्हणजे धमकावलं. 'पाठीराख्यांनी कोचला दम दिला' असं लिहिलंत तर भलताच लेख होईल :)

पेठकर_काका

सबुरीबद्दल. मूळ अरबी 'सब्र', फारसीतून आपल्याकडे आला. आता स्वतंत्र फार कमी दिसतो, शिर्डीच्या 'श्रद्धा सबुरी'त आणि पेपरातल्या 'सबुरीचा सल्ला' यात तेवढा जिवंत आहे. आणि यातली गंमत बघा, सबुरीचा सल्ला नेहमी ज्याचं काही अडलेलं नाही तो देतो. ज्याला कळ लागलीय तो स्वतःहून 'मी सबुरीने घेतोय' असं क्वचितच म्हणेल. त्यामुळे लिंकनकर, तुमच्या लेखात सबुरी असलीच तर ती विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाच्या तोंडी शोभेल, तिकीट काढणाऱ्याच्या नाही.

ओमाहाची_ताई

काकांना अनुमोदन. पण मला मूळ गृहीतकच मान्य नाही, की नेब्रास्काचे लोक फार सोशिक वगैरे आहेत. इथे बरीच वर्षं राहून बघतेय. कोच फ्रँक सोलिच, ऑस्बर्नचाच माणूस, सहा वर्षांत ५८ जिंकल्या १९ हरल्या, त्याला २००३ ला ९-३ वर (९ जिंकल्या, ३ हरल्या) असताना काढला. बो पेलिनी, पहिली सहा वर्षं दरवर्षी ९ किंवा १० जिंकायचा आणि बरोबर चार हरायचा, चार म्हणजे चारच, त्याला २०१४ ला परत ९-३ वर घरी पाठवला. तेव्हा कुठे होती सबुरी? आणि स्कॉट फ्रॉस्ट आला २०१८ ला, आल्या आल्या ओळीने सहा हरला, ४-८, मग ५-७, ३-५, ३-९, तरी त्याला पाचव्या सिझनपर्यंत ठेवला. का? तर पोरगा नेब्रास्काचा, जन्म लिंकनचा, १९९७ ची चॅम्पियन टीम त्यानेच क्वार्टरबॅक (मैदानावर डाव चालवणारा खेळाडू) म्हणून खेळवली. आपला तो बाब्या! तोच रेकॉर्ड कॅलिफोर्नियातून आलेल्या कोणाचा असता तर दुसऱ्या वर्षी सामान बांधून दिलं असतं.

म्हणजे जिंकणाऱ्यांच्या वेळी नव्हता आणि हरणाऱ्याच्या वेळी होता, त्याला पेशन्स म्हणू नका, ती माया आहे. आंधळी म्हणा हवं तर.

लिंकनकर

ताई, बाब्या १०० टक्के मान्य, लेखात ढापतोय. पण फ्रॉस्टच्या वेळी लोक गप्प होते असं नाही हं. २०२१ चा सिझन आठवा. नऊ हरले आणि नऊच्या नऊ जवळच्या, सगळ्यात मोठा फरक नऊ गुणांचा, तोही ओहायो स्टेटशी. मिशिगनशी तीन गुणांनी, मिशिगन स्टेटशी ओव्हरटाइममध्ये तीन गुणांनी. धड आपटली असती तर लोकांनी टीव्ही बंद केला असता, पण दर शनिवारी शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत आशा लावायची आणि मग हरायचं. याला मराठीत मला एकच शब्दप्रयोग चपखल वाटतो, अंत पाहणे. पाठीराख्यांचा अंत पाहिला.

आणि मग २०२२ ची डब्लिनची मॅच, नॉर्थवेस्टर्नशी, सिझनची पहिलीच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २८-१७ पुढे. टचडाउन केल्यावर साधी लांब किक मारून समोरच्याला लांब ढकलायचं असतं, शेंबडं पोरगं सांगेल. फ्रॉस्टने ऑनसाइड किक लावली, म्हणजे मुद्दाम आखूड किक मारायची आणि धावत जाऊन आपणच बॉल पकडायचा, जो जुगार हरणारी टीम शेवटच्या मिनिटाला खेळते. बॉल मिळाला नॉर्थवेस्टर्नला, तोही मैदानाच्या मध्यात, त्यांनी गुण केले आणि शेवटी ३१-२८ जिंकले. ११ ने पुढे असताना! माझ्या शेजारच्या आजोबांनी त्या संध्याकाळी दारावरचा लाल झेंडा काढून ठेवला, पुढच्या शनिवारी परत लावला होता ते सोडा.

चाळकरी

शब्दचर्चा आहे म्हणून विचारतो, 'रिबिल्ड'ला काय घेतलंय? पुनर्बांधणी म्हटलं की मला आमच्या गिरगावातल्या इमारतीचा पुनर्विकास आठवतो. बिल्डर म्हणतो ३ वर्षं, रहिवासी संक्रमण शिबिरात, मग बिल्डर बदलतो आणि नवा म्हणतो आधीच्याने पायाच चुकीचा घातला, आता पहिल्यापासून, ३ वर्षं. तुमच्या कोच लोकांचं हेच दिसतंय.

शब्दखोर

हाहा, अगदी. पण टीमसाठी 'घडी बसवणे' जास्त जवळचं. घडी विस्कटते, घडी बसते, नव्याने बसवावी लागते, आणि त्यात माणसं एकमेकांत मुरायला लागणारा वेळ आपोआप येतो जो पुनर्बांधणीत येत नाही. 'टीम बांधली' हेही मराठीत लोक सर्रास म्हणतात, पण बांधायला महिना पुरतो, बसायला वेळ लागतो.

पोर्टलबहाद्दर

आता खरा मुद्दा. घडी बसायला वेळ लागतो हेच आता कोणी ऐकून घेत नाही आणि त्याला कारण आहे. पूर्वी शाळेतली १८ वर्षांची पोरं आणायची, पहिलं वर्ष बसवून ठेवायची, तिसऱ्या चौथ्या वर्षी ती मैदान गाजवायची, त्यामुळे 'चार वर्षं द्या' याला अर्थ होता. (असं वर्षभर बसवून ठेवण्याला रेडशर्ट म्हणतात, आणि तो शब्द याच नेब्रास्काचा बरं का. १९३७ ला वॉरन आल्फसन नावाच्या खेळाडूने विचारलं की यंदा मॅच न खेळता नुसता सराव करू का, आणि सरावात तो नंबर नसलेला लाल शर्ट घालायचा, त्यावरून पडलं अशी माहिती सगळीकडे देतात. त्याला मराठी शब्द शोधू नका कोणी, रेडशर्टच राहू द्या.) आता २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी), २०२१ पासून बदली झाली तरी वर्षभर बाहेर बसायची सक्ती नाही, आणि त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा. म्हणजे सिझन संपला की अर्धी टीम जाते, अर्धी नवी येते. मुरणार कोण?

इंडियाना विद्यापीठ बघा. २०२३ ला ३-९. कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आला, आपल्या जुन्या टीमची डझनभर पोरं सोबत घेऊन आला, २०२४ ला ११-२, आणि पुढच्या सिझनला थेट १६-० आणि राष्ट्रीय विजेतेपद. इंडियाना! जिथे लोक बास्केटबॉल सुरू होईपर्यंत वेळ घालवायला फुटबॉल बघायचे. हे बघितल्यावर दुसऱ्या कुठल्या कोचने 'घडी बसतेय' म्हटलं की लोक म्हणतात त्याची कशी बसली मग?

ओमाहाची_ताई

आणि त्याच इंडियानाने २०२४ ला नेब्रास्काला ५६-७ धुतलं, मीठच चोळलं.

फ्रॉस्टनंतरचा कोच मॅट रूल, त्याचं दुखणंही नेमकं हेच आहे. आधीच्या विद्यापीठांत, टेम्पलला त्याचं पहिलं वर्ष २-१०, दुसरं ६-६, तिसरं १०-४. बेलरला १-११, मग ७-६, मग ११-३. त्यामुळे २०२२ च्या शेवटी त्याला आठ वर्षांचा करार देऊन आणला तेव्हा इथे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की तिसरं वर्ष आपलं. पहिलं ५-७, ठीक. दुसरं ७-६, २०१६ नंतर पहिल्यांदा बोल गेम (सिझननंतर निवडक टीम्सना मिळणारी जादा मॅच) मिळाली आणि जिंकलीसुद्धा, लोकांनी पेढेच वाटायचे बाकी ठेवले. आणि तिसरं? २०२५, परत ७-६. त्यातच त्याचा करार २०३२ पर्यंत वाढवला. आता तुम्हीच सांगा, तीन वर्षं लोक थांबले ते संयमाने, धीराने की सबुरीने? माझ्या मते यातलं काहीच नाही. त्यांनी मुदत दिली होती. मुदत संपल्यावर माणूस वेगळाच बोलायला लागतो, तसं आता बोलतायत.

शब्दखोर

'मुदत' मस्त. मुदत देतात, मागतात, वाढवतात, संपते. चारही इथे लागू आहेत. फक्त वाढवून देणारे वेगळे आणि वाट बघणारे वेगळे.

पेठकर_काका

बायआउटला काय म्हणता? मुदतीआधी काढलं की जे पैसे देतात ते.

लिंकनकर

काका, इथे नुसतं बायआउटच म्हणतो. पण माझं मत 'पोटगी'ला. संसार मोडला, दर महिन्याला देत बसा. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने कोच जिम्बो फिशरला २०२३ ला काढला तेव्हा पोटगी ७ कोटी डॉलरच्या वर गेली.

आणि शब्दखोरांच्या 'दम धरणे'ला उदाहरण. फ्रॉस्टची पोटगी १ ऑक्टोबर २०२२ ला दीड कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर येणार होती. १० सप्टेंबरला जॉर्जिया सदर्नने लिंकनमध्ये येऊन ४५-४२ हरवलं. घरच्या मैदानावर ३५ च्या वर गुण करून नेब्रास्का तोपर्यंत कधी म्हणजे कधीच हरली नव्हती. दुसऱ्या दिवशी रविवारी काढून टाकला, पूर्ण दीड कोटी मोजून. तीन आठवडे दम धरला असता तर निम्मे वाचले असते, पण नाही निघाला दम.

चाळकरी

तीन आठवड्यांचे ७५ लाख डॉलर. आणि आम्ही सोसायटीच्या मेंटेनन्ससाठी भांडतो.

पोर्टलबहाद्दर

ते हाउसफुलचं पण जरा जपून लिहा. हाउसफुल म्हणजे तिकीट विकलं गेलं, खुर्चीत माणूस आहेच असं नाही. २०२१ ला उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन गरजू मुलांना दिली तेव्हा कुठे साखळी टिकली. चांगलं काम झालं, मुलांनी मॅच बघितली, पण त्याला 'चाहत्यांची अढळ निष्ठा' म्हणू नका प्लीज.

लिंकनकर

बरोबर, ते वाक्य होतं, उडवतो. पण 'चाहते'ऐवजी 'पाठीराखे' मात्र ठेवतो, कारण चाहता मॅच जिंकली की खूश, हरली की दुसरं चॅनल. इथले लोक हरल्यावरसुद्धा मैदानातून बाहेर जाणाऱ्या पाहुण्या टीमला उभं राहून टाळ्या वाजवतात, लहान पोरांना आईबाप हाताला धरून उभं करतात आणि वाजव म्हणतात. हे मी गेटजवळ उभा राहून बघितलंय, सगळे नाही वाजवत, समोर शेजारचं आयोवा असेल तर अजून कमी :)

तर सध्या शीर्षक ठरवलंय 'कळ काढणारे पाठीराखे'. पोटात कळ यावी तशी दर शनिवारी येते आणि 'जरा कळ काढ, होईल बरं' असं एकमेकांना म्हणतात, म्हणून.

शब्दखोर

अर्थ फिट्ट आहे, पण 'कळ काढणे'चा दुसरा अर्थ भांडण उकरून काढणे, खोडी काढणे. निम्मे वाचक समजतील स्टेडियममध्ये मारामारी करणारे लोक. 'कळ सोसणारे' करा, तिथे दुसरा अर्थ निघत नाही.

ओमाहाची_ताई

आयोवाच्या मॅचला दोन्ही अर्थ चालतील. बाकी 'कळ सोसणारे'ला माझं मत. आणि रूलच्या परिच्छेदात मुदत घाल, संयम कुठेच नको.

लिंकनकर

केलं. संयम एकाच जागी ठेवलाय, क्रीडा संचालकाच्या निवेदनात, काकांची सबुरी पण तिथेच. अंक आला की लिंक टाकतो.