'संगीत शारदा': लग्न नेमकं कशामुळे मोडतं?

शलाका: देवलांच्या 'संगीत शारदा' या नाटकावर 'विवाह आणि सामाजिक बंधने' असं दीर्घोत्तर लिहायचं आहे. 'तरुण कोदंडाने जरठ-कुमारी (म्हातारा नवरा, कोवळी मुलगी) विवाहाला विरोध केला आणि लग्न मोडलं' एवढं पुरेल का?

विसूभाऊ: नाही पुरणार, ते अर्धंच खरं आहे. कोदंड विरोध करतो, पण लग्न वयामुळे मोडत नाही. म्हातारा नवरदेव भुजंगनाथ आणि नायिका शारदेचा बाप कांचनभट सगोत्र, म्हणजे एकाच गोत्राचे निघतात, आणि असं लग्न शास्त्राला निषिद्ध, म्हणून मोडतं. पंच्याहत्तरीचा नवरदेव खपला, गोत्र एक निघालेलं खपलं नाही! नाटक १८९९चं. तेव्हा असं लग्न अडवणारा कायदा हाताशी नव्हता. १८९१चा संमतिवयाचा कायदा १२ वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंधापुरता होता, लग्नाच्या वयाबद्दल नव्हे. म्हणून शास्त्राचा आधार घेणाऱ्यांना देवल शास्त्रानेच अडवतात. उत्तराचा कणा हा ठेव.

केतकी: कांचनभटाला विसरू नकोस. पैसे घेऊन मुलगी देणं हा कन्याविक्रय, तोही शास्त्राने निषिद्धच मानलेला. पण लग्न त्यावरून अडत नाही. दोन निषेधांतला कुठला पाळला जातो, हे दाखवलंस की उत्तर उठून दिसेल. पदं नुसती उतरवू नकोस. 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' यात 'अवघे' शब्दात सगळा उपहास आहे, तो उलगड. 'मूर्तिमंत भीती उभी' लिहिताना समोर दिसणारं वैधव्य आण. विधवाविवाह १८५६पासून कायदेशीर होता, तरी अशा घरात तो कुणी होऊ दिला नसता.

अनंत जोशी: हमखास होणारी एक चूक: 'या नाटकामुळे शारदा कायदा झाला.' १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं, नायिकेवरून नाही. त्यात किमान वय मुलीला १४, मुलाला १८. म्हणजे मुलीला १४ पूर्ण असती, तर भुजंगनाथाला त्या कायद्यानेही रोखलं नसतं.

शलाका: आणि प्रेम? शेवटी कोदंडाशी लग्न होतं ना?

केतकी: होतं, पण त्याला प्रेमविवाह म्हणू नकोस. नाटकाचा रोख अनुरागावर नाही, मुलीला कुणी विचारतच नाही यावर आहे. प्रेमाला पाच-सहा ओळी पुरे. उरलेली जागा गोत्र आणि पैशाला दे.