दोन दिवसांत उतरलेलं इसब

वैशालीताई, तुम्ही लिहिलंय की चिनी मलमाने लेकराचं इसब दोन दिवसांत उतरलं, आणि झाडपाल्याचं असल्याने अपाय नाही. मला त्या दोन दिवसांचीच काळजी वाटते. १९९९ साली लंडनमध्ये अशी ११ मलमं तपासली, तर ८ मध्ये डेक्सामेथासोन निघालं. म्हणजे चक्क स्टिरॉइड, आणि तेही चेहऱ्याच्या नाजूक कातडीवर चोपडलेलं!

काढ्याचं वेगळं. १९९२ मध्ये तिथेच दहा वनस्पतींच्या काढ्याने मुलांना खरंच उतार पडला होता. पण ४७ पैकी ३७ जणांनीच चाचणी पुरी केली. इतका कडू काढा पोरं रोज पिणार कशी? शिवाय अशा काढ्यांनी यकृताला इजा झालेलीही आढळली आहे.

डबी घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बरेच दिवस लावत असाल तर मनानेच एकदम थांबवू नका, इसब उसळून येतं.