मदत हवी आहे: लाइट गेली तरी सूर न सोडणारा लॅपटॉप (कीबोर्डसाठी, बेळगाव भाग)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. बेळगाव, खानापूर, नंदगड या भागात जत्रा-लग्नांना आमची भक्तिगीतांची पार्टी असते, कीबोर्ड माझ्याकडे. तुकोबांचा अभंग संपला की लगेच बसवण्णांचं वचन, मग एखादं भावगीत. कीबोर्डमधले आवाज पुरत नाहीत म्हणून पेटी, संतूर, व्हायोलिन सगळं लॅपटॉपवरून वाजवतो. लॅपटॉप गेमिंगचा, १६ जीबी रॅम, ४ वर्षं जुना. सॉफ्टवेअर कॅन्टाबिले, कीबोर्डची पट्टी दाबली की लॅपटॉपमधले वाद्यांचे आवाज वाजवणारं.

गेल्या महिन्यात एका देवळापुढे कार्यक्रम होता. साउंड जनरेटरवर होता, पण माझ्या बोर्डाची वायर देवळाच्या मीटरवरून ओढलेली. दुसऱ्या कडव्याला गावची लाइट गेली. स्पीकर चालू, माइक चालू, लॅपटॉपही चालूच, बॅटरी ८० टक्के. पण दोन-तीन सेकंदांत पेटीच्या सुरात करकर सुरू झाली, वाळल्या पाचोळ्यावरून कुणी चालावं तशी. मग पट्टी दाबतोय आणि निम्मे सूर गायब. गाणाऱ्या बुवांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आवाज चढवला आणि नुसत्या ढोलकीवर अभंग पुरा केला. त्यांना या वयात एकट्याला ओढायला लागलं, हे अजून मनातून जात नाही.

घरी तेच करून बघितलं. अॅडाप्टर काढला की टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग निम्म्यावर येतो. पॉवर प्लॅन बदलला तरी तेच. बफर (आवाज बाहेर जाण्याआधी साठवायचे नमुने) १२८ वरून ५१२ वर नेला तर करकर थांबते, पण ४८ किलोहर्ट्झला तेवढ्या बफरचाच जवळजवळ ११ मिलिसेकंद उशीर होतो. द्रुत लयीत मी ढोलकीच्या मागे पडतो.

बजेट ६५ हजार. वैशाखात आमच्याकडची शिवजयंती, लगोलग लग्नाच्या तिथी, त्याआधी घ्यायचा आहे. मॅक मिनी मनात होता, पण त्याला बॅटरीच नाही, आमच्या भागात तो चालायचा नाही. सेकंडहँड एम-१ मॅकबुक एअर मिळतोय, ८ जीबीचा. त्याला पंखा नाही, आणि माझं कॅन्टाबिले विंडोजवरचं, म्हणजे सगळे पॅच (गाण्यागणिक लावलेले आवाज) नव्यानं बांधायला लागतील. दुसरा पर्याय ऑफिसांतून निघालेला रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप. स्टेजवर तीन-तीन तास वापरणाऱ्यांनी सांगा, काय घेऊ? शिवाय अॅडाप्टर लावला की स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येतो, त्याचं काय?

प्रतिसाद १ (निपाणीहून)
दादा, मॉडेलच्या नावावर जाऊ नका. आपला कीबोर्ड, ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला देणारी डबी) आणि पेनड्राइव्हवर लेटन्सीमॉन (आवाज कशामुळे अडतो ते दाखवणारं विंडोजचं सॉफ्टवेअर) घेऊन दुकानात जा. अॅडाप्टर काढून अर्धा तास चालवा. वाय-फाय चालू आणि बंद, दोन्ही बघा, पुष्कळदा वाय-फायचा ड्रायव्हरच आड येतो. लेटन्सीमॉनमधली पट्टी लाल झाली तर तो लॅपटॉप तिथंच ठेवा. मी रिफर्बिश्डच वापरतो, पण बॅटरी नवी घातली. यूएसबीचं पॉवर सेव्हिंग बंद ठेवा आणि अपडेट घरी करून निघा. घुंऽऽसाठी ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (इंटरफेस आणि मिक्सरच्या मध्ये लावायची डबी) घ्या. अॅडाप्टरची अर्थिंगची पिन मात्र कुणी काढा म्हणालं तरी काढू नका, शॉक बसायची भीती. आणि कीबोर्डमधून एक वायर थेट मिक्सरला देऊन ठेवा, पुढं असं झालं तर निदान त्यातली पेटी तरी वाजेल.

धागाकर्ता
भाऊ, उपकार झाले. वायरचं मला सुचलंच नव्हतं, उद्याच आणतो. रविवारी कीबोर्ड घेऊन बेळगावला दुकानात जातो. एक राहिलं: माझा पूर्ण सेट लोड केला की रॅम ९ जीबीपर्यंत जाते. ८ जीबीच्या मॅकवर असा सेट कुणी वाजवलाय का? मॅकवाला शनिवारपर्यंत थांबतो म्हणालाय.