वाळीत पडण्याची भीती आणि कायदा
शिक्षण वाढले की टोळीवृत्ती, म्हणजे आपल्याच गटाला धरून राहण्याची वृत्ती, आपोआप ओसरेल, असे म्हटले जाते; हे मत मला पटत नाही. गटाबाहेर फेकले जाण्याची भीती हीच त्या वृत्तीची खरी ताकद असून जातपंचायती नेमकी तीच वापरत आल्या आहेत. मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्दबातल ठरवला. त्यानंतर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा करायला २०१६ साल उजाडले. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मात्र (खरी मेख इथेच आहे) साक्ष द्यायची असते ती त्याच भावकीतल्या माणसांनी, ज्यांना उद्या मुलीची सोयरीक त्याच जातीत जुळवायची असते.